लाओ लिपीतला 'ध' : अठ्ठावीस वर्षे रिकामी राहिलेली जागा

बुद्ध, धम्म आणि संघ. आपल्या रोजच्या वंदनेतले हे तीन शब्द. लाओस हा बहुसंख्य बौद्धांचा देश. तिथे गावागावात विहार आहेत, पहाटे भिक्खू भिक्षापात्र घेऊन निघतात आणि उपासक रस्त्याच्या कडेला बसून दान देतात. तरीही मार्च २०१९ पर्यंत हे तीन शब्द लाओ लिपीत, मूळ पालीप्रमाणे अचूक, संगणकावर किंवा मोबाईलवर लिहिता येत नव्हते. कारण साधे होते. 'बुद्ध' आणि 'धम्म' यांतला 'ध' आणि 'संघ' मधला 'घ' या अक्षरांना युनिकोडच्या लाओ तक्त्यात जागाच नव्हती.

जगातल्या बहुतेक सर्व संगणकांवर आणि मोबाईलवर अक्षरे ज्या एका सामाईक तक्त्यानुसार साठवली जातात, त्याला युनिकोड म्हणतात. त्या तक्त्यात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. आपल्या देवनागरी 'ध' चा क्रमांक २३४३ आहे. आपण मोबाईलवर 'धम्म' लिहून पाठवतो तेव्हा प्रत्यक्षात हे क्रमांक जातात आणि समोरच्याचा मोबाईल त्या क्रमांकांवरून अक्षरे दाखवतो. ज्या अक्षराला क्रमांक नाही ते अक्षर संगणकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. ते शोधता येत नाही, पाठवता येत नाही, जतन करता येत नाही. फार तर त्याचे चित्र काढून चिकटवता येते.

लाओ 'ध' ची हकिकत एका लहान देशातल्या एका अक्षराची आहे. पण पाली, धम्म आणि लिपी यांच्याविषयी आस्था असलेल्या तरुणांनी ती समजून घ्यायला हवी. भाषा टिकते की मागे पडते याचा निर्णय आज अशा ठिकाणी होतो जिथे आपल्यापैकी फार थोडे जण जातात.

लाओ लिपीत ही अक्षरे का नव्हती?

पहिला गैरसमज दूर करू. लाओ लिपीत 'ध' नव्हता याचा अर्थ लाओ लोकांना पाली लिहिता येत नव्हते असा नाही. त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी लिपी होती. तिचे नावच 'थम', म्हणजे धम्म. ताडपत्रावरची सुत्ते, जातककथा, विनयाचे ग्रंथ या थम लिपीत लिहिले जात. तिच्यात पालीचे सर्व वर्ण आहेत. लाओ लिपी मात्र व्यवहाराची होती. राजाज्ञा, हिशेब, पत्रे, लोककथा यांसाठी ती वापरली जाई. लाओ भाषेच्या उच्चारात ग आणि घ, द आणि ध, ब आणि भ असे भेद नाहीत. 'ण' आणि 'न' यांतही फरक नाही. मग व्यवहाराच्या लिपीत ती अक्षरे कशाला? कामांची ही वाटणी कित्येक पिढ्या व्यवस्थित चालली.

ही वाटणी विसाव्या शतकात अडचणीची ठरली. छापखाना आला, शाळा आल्या, लाओ लिपीतली पुस्तके निघू लागली. त्या काळी लाओस फ्रेंचांच्या ताब्यात होता. तिथले हुशार भिक्खू पुढच्या अभ्यासासाठी बँकॉकला जात. फ्रेंचांना ते नको होते, कारण त्यामुळे सयामचा प्रभाव वाढत होता. म्हणून १९३० मध्ये कंबोडियात नॉम पेन्ह येथे आणि पुढे लाओसमध्ये व्हिएन्टिन येथे बौद्ध संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे पाली शिक्षणाच्या या नव्या सोयीमागे धम्मप्रेमाबरोबर वसाहतीचे राजकारणही होते.

या काळात महासिला वीरवोंग नावाचे पाली पंडित पुढे आले. थाई लिपीत पालीसाठीची सर्व अक्षरे आहेत, ख्मेर आणि बर्मी लिपीतही आहेत, मग लाओमध्येच का नाहीत, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले. व्हिएन्टिनच्या बौद्ध संस्थेच्या पाठिंब्याने त्यांनी लाओ लिपीला कमी पडणाऱ्या अक्षरांची जोड दिली. त्या अक्षरांत पुस्तके छापली गेली. आता पाली ग्रंथ लाओ लिपीतच, एकही वर्ण न गमावता, छापता येणार होता.

'गण' आणि 'घन' एकच झाले तर?

उच्चारच सारखा असेल तर वेगळे अक्षर हवे कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. लाओ भिक्खू 'धम्म' म्हणताना आपल्यासारखा 'ध' उच्चारत नाहीत, आणि त्यामुळे त्यांची वंदना काही खोटी ठरत नाही. हे अगदी बरोबर आहे. प्रश्न ग्रंथाचा आहे.

पालीत 'गण' म्हणजे समूह आणि 'घन' म्हणजे घट्ट, भरीव. नेहमीच्या लाओ लिपीत 'ग' आणि 'घ' साठी एकच अक्षर, 'ण' आणि 'न' साठीही एकच. त्यामुळे हे दोन्ही शब्द अक्षरशः सारखे लिहिले जातात. 'पञ्ञा' मधला 'ञ', 'झान' मधला 'झ', 'अट्ठ' मधले 'ट' आणि 'ठ', 'पण्डित' मधला 'ड', 'भिक्खु' मधला 'भ', 'सरण' मधला 'ण', सगळ्यांचे असेच. देवनागरीतले किंवा सिंहली लिपीतले पाली पाठ लाओमध्ये आणता येतात, पण ते पुन्हा मूळ रूपात नेता येत नाहीत. एकदा हरवलेला भेद कोणतेही यंत्र नेमका परत आणू शकत नाही. पाली ही एका लिपीची भाषा नाही. ती अनेक देशांत अनेक लिप्यांत लिहिली जाते आणि ग्रंथ एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जातात, हेच तिचे सामर्थ्य आहे. या देवघेवीत एका देशाच्या लिपीत वर्ण अपुरे असतील तर तो देश घेऊ शकतो, पण अचूक परत देऊ शकत नाही.

मराठी वाचकाला एक अक्षर विशेष जवळचे वाटेल. महासिलांच्या अक्षरांत 'ळ' आहे. भगवान बुद्धांना संबोधीपूर्वी भेटलेले आचार्य आपण 'आलार कालाम' असे लिहितो. पालीत ते 'आळार' आहेत. त्रिपिटकाच्या अनेक आवृत्त्यांत भाषेचे नावही 'पाळि' असेच छापलेले दिसते. जो 'ळ' आपण रोज बोलतो, त्याची एक जागा लाओ तक्त्यातही रिकामी होती.

१९७५ नंतर

महासिलांची अक्षरे सर्वांनी स्वीकारली असे मात्र झाले नाही. स्वतंत्र लाओसमध्ये शुद्धलेखनाचा मोठा वाद होता. एक बाजू म्हणत होती की पाली आणि संस्कृतातून आलेले शब्द मुळाबरहुकूम लिहावेत. दुसरी बाजू म्हणत होती की जसे बोलतो तसे लिहावे. डाव्या चळवळीतील नेते फुमी वोंगविचित यांचे लाओ व्याकरण १९६७ मध्ये आले आणि त्याने दुसरी बाजू घेतली. डिसेंबर १९७५ मध्ये लाओसमधली राजेशाही संपली, नवी राजवट आली आणि उच्चारानुसार लेखन हाच नियम झाला. पालीसाठीची जोडअक्षरे वापरातून गेली. 'र' साठीचे अक्षरसुद्धा सरकारी वर्णमालेतून वगळले गेले आणि परकी नावे लिहिण्याच्या गरजेपोटी पुढे परत आले.

या वादात एक बाजू धम्माची आणि दुसरी धम्मविरोधी, अशी सोपी मांडणी करणे चुकीचे होईल. उच्चारानुसार लेखनामागे एक न्याय्य विचार होता. शेतकऱ्याच्या मुलाला लवकर लिहिता-वाचता आले पाहिजे, मूक अक्षरांचे ओझे त्याच्यावर नको, हा तो विचार. आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलेल्या समाजाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायची गरज नाही. खुद्द तथागतांनी भाषेच्या प्रश्नावर लोकांची बाजू घेतल्याची नोंद विनयपिटकात आहे. दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात बांधण्याची परवानगी मागितली आणि ती त्यांनी नाकारली.

तेव्हा रोजच्या लाओ भाषेचे लेखन सोपे असावे हे मान्य. पण पाली ग्रंथ छापण्यासाठी वेगळी अक्षरे राखून ठेवणे आणि लोकांचे लेखन सोपे ठेवणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. मराठीत आपण हेच करतो. रोजच्या लिखाणात 'ञ' क्वचितच येतो, पण 'पञ्ञा' लिहायचे म्हटले तर तो हाताशी असतो. लाओ लोकांच्या हातून ती निवडच गेली होती.

तक्त्यातल्या रिकाम्या जागा

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात थाई आणि लाओ या दोन्ही लिप्या होत्या. लाओचा तक्ता थाईच्या तक्त्याला समांतर मांडला गेला. थाई अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवा की त्याच्या जोडीच्या लाओ अक्षराचा क्रमांक मिळतो. थाईत पालीसाठी अक्षरे आहेत आणि तेव्हाच्या लाओत नव्हती, म्हणून त्या क्रमांकांवर लाओ तक्त्यात काहीच ठेवले नाही. थाई 'ध' ३६०८ वर आहे. त्याच्या जोडीची ३७३६ ही लाओ जागा रिकामी. थाई 'घ' ३५९० वर, लाओची ३७१८ ही जागा रिकामी. 'भ' आणि 'ळ' यांचेही तेच.

म्हणजे जागा होती, ती कुणी हिरावलेली नव्हती, कुणी मनाईही केली नव्हती. तिच्यावर हक्क सांगणारे कुणी आले नाही, इतकेच. महासिलांच्या अक्षरांत छापलेली पुस्तके ग्रंथालयांत होती. पण पुस्तक आपणहून समितीसमोर जात नाही. पुरावा गोळा करून, अर्ज लिहून, शंकांना उत्तरे देऊन कुणीतरी ते काम करावे लागते.

ते काम २०१७ मध्ये झाले. विविध लिप्यांमध्ये लिप्यंतर करणारे 'अक्षरमुख' हे साधन तयार करणारे भारतीय संशोधक विनोद राजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाओ लिपीतील पाली अक्षरांचा प्रस्ताव युनिकोडकडे दिला. प्रत्येक अक्षराचा आकार, उच्चार, जुन्या छापील पुस्तकांतला वापर हे सगळे अशा प्रस्तावात दाखवावे लागते. ५ मार्च २०१९ रोजी युनिकोडची १२.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात एकूण ५५४ नवी चिन्हे होती. त्यांतली ६१ इमोजी होती आणि बातम्या मुख्यतः त्यांच्याच झाल्या. त्याच यादीत लाओची १५ चिन्हे होती: पालीसाठी घ, छ, झ, ञ, ट, ठ, ड, ढ, ण, ध, भ, ळ ही बारा अक्षरे, संस्कृतसाठी श आणि ष ही दोन, आणि अक्षराखाली बिंदू देऊन त्याचा 'अ' काढून टाकणारे हलन्ताचे चिन्ह.

अठ्ठावीस वर्षे रिकाम्या राहिलेल्या जागा सुमारे दोन वर्षांच्या कामात भरल्या. या हकिकतीतला सर्वात महत्त्वाचा धडा हाच. अडथळा तंत्रज्ञानाचा नव्हता, पैशाचा तर मुळीच नव्हता. मागणी नीट कागदावर मांडून योग्य दारात नेण्याचा होता.

शेजारच्या देशांनी काय भोगले?

हे काम उशिरा झाले, किंवा संबंधित समाजाला न विचारता झाले, तर काय होते याची उदाहरणे शेजारीच आहेत.

ख्मेर लिपी १९९९ मध्ये युनिकोडच्या ३.० आवृत्तीत आली. त्यानंतर कंबोडियाच्या सरकारी प्रतिनिधींनी हरकत घेतली. जोडाक्षरे साठवण्याची पद्धत आम्हाला मान्य नाही, आमच्याशी पुरेशी चर्चा झाली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण युनिकोडचा एक कडक नियम आहे. एकदा दिलेला क्रमांक आणि नाव पुन्हा बदलत नाही. कारण जगभरातला साठवलेला मजकूर त्यावर उभा असतो. त्यामुळे मूळ पद्धत कायम राहिली. काही अक्षरे 'वापरू नयेत' अशा शेऱ्यासह आजही त्या तक्त्यात पडून आहेत.

लाओच्या तक्त्यातही अशी एक चूक गोठून बसली आहे. दोन 'फ' अक्षरांची नावे उलटसुलट नोंदली गेली. वरच्या सुराच्या गटातल्या अक्षराला खालच्या गटाचे नाव आणि खालच्याला वरच्याचे. चूक लक्षात आली, दुरुस्तीची पर्यायी नावे जोडली गेली, पण मूळ नावे तशीच आहेत आणि तशीच राहणार. लिपी जाणणारा माणूस वेळेवर हजर नसेल तर चूकही कायमची होते.

म्यानमारची हकिकत याहून गंभीर आहे. तिथे युनिकोडशी विसंगत असा 'झॉजी' नावाचा फॉन्ट वर्षानुवर्षे सर्वत्र वापरला गेला. शान, मोन, कारेन या अल्पसंख्य समाजांच्या अक्षरांसाठी राखलेले क्रमांक त्या फॉन्टने बर्मी अक्षरांच्या वेगवेगळ्या आकारांसाठी वापरले. परिणाम असा की बहुसंख्यांच्या सोयीचा फॉन्ट लावलेल्या मोबाईलवर अल्पसंख्यांचा मजकूर मोडतोड होऊन दिसायचा. १ ऑक्टोबर २०१९ पासून म्यानमारने अधिकृतपणे युनिकोडकडे वळण्याचे ठरवले. तोवर एका पिढीचे लिखाण दोन विसंगत पद्धतींत विखुरले होते. अक्षरांच्या तक्त्यातही बहुसंख्य आणि अल्पसंख्य असतात, आणि दुर्बलाची जागा बळकवली जाऊ शकते, हे याहून स्पष्ट कसे दिसणार?

आपला याच्याशी संबंध काय?

संबंध जुना आहे. मे १९५४ ते मे १९५६ या काळात रंगूनला सहावी धम्मसंगीती भरली. त्यात म्यानमार, श्रीलंका, थायलंड, कंबोडियाबरोबर लाओसचे भिक्खूही होते. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या संगीतीत तपासलेला त्रिपिटकाचा पाठ पुढे महाराष्ट्रातच, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संगणकावर आणला. १९९० च्या दशकात तो सीडीवर निघाला आणि नंतर इंटरनेटवर अनेक लिप्यांत उपलब्ध झाला. एकच पाली पाठ यंत्राने हव्या त्या लिपीत बदलता येणे, ही कल्पना आपल्या राज्यात प्रत्यक्षात उतरली आहे. लाओ लिपीत 'ध' असणे या साखळीतला एक दुवा आहे.

बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि कोश तयार करण्यासाठी मेहनत घेतली. त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी मालेचा १६ वा खंड १९९८ मध्ये निघाला, तो याच कामाचा आहे. राज्यघटना, हिंदू कोड बिल, पक्ष, चळवळ एवढा व्याप असताना ते शब्दार्थांच्या चिठ्ठ्या का जमवत बसले असतील? धम्म दुसऱ्याच्या अनुवादावर अवलंबून राहू नये, मूळ शब्द आपल्या लोकांच्या हाती असावा, याखेरीज दुसरे काय कारण असणार?

आपली लिपीही अगदी सुरुवातीपासून परिपूर्ण नव्हती. मराठीत रोज लागणारा 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी, जिला आपल्याकडे धम्मलिपी म्हणतात, ती २०१० मध्ये आली. म्हणजे सम्राट अशोकाचा लेख आज चित्र न चिकटवता अक्षरांतच टाइप करता येतो. महाराष्ट्रात धम्मलिपी शिकवणारे वर्ग चालतात आणि तरुण लेण्यांमध्ये जाऊन शिलालेख वाचतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण वाचलेला लेख त्यांपैकी किती जण युनिकोडमध्ये टाइप करून, शोधता येईल अशा रूपात ठेवतात? फोटो समाजमाध्यमांवर टाकला की दोन दिवसांत तो खाली जातो. टाइप केलेला मजकूर शोधात सापडतो, अभ्यासकाच्या हाती लागतो आणि दुसऱ्या लिपीत नेता येतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, मराठीबरोबरच. त्याचे स्वागत झाले, पेढे वाटले गेले. दर्ज्याने दारे उघडतात हे खरे. पण दर्जा पुस्तके टाइप करत नाही, फॉन्ट तपासत नाही, चुका दुरुस्त करत नाही.

क्रमांक मिळाला, पुढे काय?

लाओ 'ध' ला क्रमांक मिळाला म्हणजे काम संपले, असे समजण्याचेही कारण नाही. क्रमांकानंतर फॉन्टमध्ये अक्षराचा आकार यावा लागतो. मग कीबोर्डवर ते उमटवण्याची सोय लागते. हलन्ताचा बिंदू आणि स्वरचिन्हे एकमेकांवर न चढता बसावी लागतात. मोबाईलच्या जुन्या आवृत्त्यांवर अक्षराऐवजी रिकामी चौकट दिसते. आणि हे सगळे जमले तरी ती अक्षरे वाचणारे लोक लागतात. १९७५ नंतर शाळा शिकलेल्या लाओ वाचकाला ही अक्षरे शाळेत भेटलेलीच नाहीत.

थम लिपीचा अनुभव हेच सांगतो. ती २००९ मध्ये १२७ चिन्हांसह युनिकोडमध्ये आली. पण तिची वरखाली रचलेली जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटवणे अवघड असल्याने तिचा वापर सावकाश वाढतो आहे. लाओसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जर्मन सहकार्याने विहारांतली ताडपत्रे जतन केली आणि त्यांतल्या बारा हजारांहून अधिक ग्रंथांच्या प्रतिमा इंटरनेटवर खुल्या केल्या. हे फार मोठे काम आहे. तरी त्या प्रतिमा आहेत. त्यातला शब्द शोधायचा तर आधी कुणीतरी तो टाइप केला पाहिजे. ते थम लिपीत करायचे की पाली अक्षरांसह लाओ लिपीत, हा निर्णय लाओ भिक्खूंचा आणि लाओ लोकांचा आहे. बाहेरच्यांनी तो ठरवू नये. निवड करण्याइतकी साधने मात्र आता त्यांच्यापुढे आहेत.

आपल्याकडचे चित्र काही फार वेगळे नाही. आंबेडकरी चळवळीतल्या कितीतरी पुस्तिका, स्मरणिका, वंदनेची पुस्तके जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप झालेली आहेत. त्या फाइली आज उघडल्या तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. म्यानमारच्या झॉजीचा प्रश्न आपल्या विहाराच्या कपाटातल्या सीडीतही आहे, फक्त आपण त्याला नाव दिलेले नाही. वंदनेच्या पुस्तकांतून 'ळ' च्या जागी 'ल', 'ण' च्या जागी 'न' आणि अनुस्वार गायब, असे पाठ छापले जातात. तेच मोबाईलवर फिरतात आणि हळूहळू तेच खरे मानले जातात.

यावर करण्यासारखी कामे मोठी नाहीत, पण चिकाटीची आहेत. प्रत्येक विहाराने आपल्याकडच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणून, मूळ छापील प्रतीशी ताडून ठेवाव्यात. वंदनेचा पाठ छापण्यापूर्वी त्रिपिटकाच्या प्रमाण आवृत्तीशी अक्षर-अक्षर तपासावा. धम्मलिपीच्या वर्गांनी शिलालेखाच्या फोटोबरोबर त्याचा टाइप केलेला पाठही प्रसिद्ध करावा. संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पालीसाठी कीबोर्ड, शुद्धलेखन तपासणी, छापील पानावरून मजकूर ओळखणारी साधने यांवर प्रकल्प करावेत. आणि एखादे चिन्ह खरोखरच तक्त्यात नसेल तर रीतसर प्रस्ताव तयार करावा. युनिकोडच्या मतदार सभासदांत बड्या कंपन्या आहेत, काही सरकारे आणि संस्थाही आहेत, हे खरे. पण प्रस्ताव कुणालाही देता येतो आणि तो पुराव्यावर तपासला जातो. लाओच्या अक्षरांसाठीही सर्वात भक्कम पुरावा होता तो जुन्या छापील पुस्तकांचा. ती पुस्तके कुणीतरी सांभाळून ठेवली होती म्हणून तो देता आला.

महासिला वीरवोंग १९८७ मध्ये गेले. त्यांनी लिपीला दिलेली अक्षरे तेव्हा वापरातून गेलेली होती आणि युनिकोड जन्मालाही आलेले नव्हते. आज त्या अक्षरांना क्रमांक आहेत आणि ते कायमचे आहेत. आपल्या कपाटांत पडून असलेल्या पुस्तिका, स्मरणिका आणि वह्या उद्या कुणाचा तरी पुरावा ठरणार आहेत. त्या वाळवीने खाण्याआधी बाहेर काढा, टाइप करा, तपासा आणि खुल्या ठेवा.